बसच्या आठवणी कोणाच्या? प्रवाशाच्या आणि कंडक्टरच्या



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने बेस्टच्या बसबद्दल काय बोलायचं? त्यांना मी म्हटलं, बसबद्दल नाही, बसच्या आठवणींबद्दल बोलायचं आहे. गेल्या काही वर्षांत 'जुन्या मुंबईची बस' हा मराठीत एक लेखनप्रकारच होऊन बसला आहे. दिवाळी अंकांत आहे, रविवारच्या पुरवण्यांत आहे, समारंभांतल्या भाषणांत आहे. आणि एखादा लेखनप्रकार तयार झाला की त्याची समीक्षाही व्हायला हवी. आवडतं म्हणून सोडून दिलं, असं करून चालत नाही.

आधी हा प्रकार कसा असतो ते बघू. त्यात लाल डबल डेकर असते. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट असते. खिडकीवर झाडाच्या फांद्या आपटतात. पंचची टिकटिक असते, रंगीत तिकिटं असतात, ती जमवणारी मुलं असतात. बसच्या कपाळावरचे मराठी आकडे असतात. कित्येक अमराठी मुंबईकर मराठी आकडे तिथेच शिकले. आणि एक कंडक्टर असतो. तो एकतर फार विनोदी असतो, नाहीतर फार खवचट. 'पुढे सरका' म्हणतो, सुट्ट्या पैशांवरून भांडतो, आणि दोन ओळींत संपतो.

हा ऐवज खोटा आहे असं मी म्हणत नाही. सगळा खरा आहे. त्या मजल्यावरून मीही शहर पाहिलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या आठवणी एकाच बाजूने आलेल्या आहेत, तिकीट घेणाऱ्याच्या. तिकीट देणाऱ्याची बाजू जवळजवळ कोऱ्या पानासारखी आहे. असं का व्हावं? कंडक्टरला लिहिता येत नव्हतं म्हणून? अजिबात नाही. आठ तास ज्याच्या हातात पेन्सिल आणि हिशेबाचा कागद आहे त्याला लिहिता येत नाही, असं म्हणणं हास्यास्पद आहे. कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

इथे मला हेन्री बर्गसाँची मदत होते. १८९६ च्या 'मॅटर अँड मेमरी' या ग्रंथात त्याने स्मृतीचे दोन प्रकार केले. एक स्मृती चित्राची: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, असं झालं. तिला तारीख असते, एकदाच घडलेलं ती जपते. दुसरी स्मृती सवयीची. पाठ केलेला धडा घ्या. तो आपण म्हणतो तेव्हा पाठांतराचा कुठलाही एक दिवस आठवत नाही. धडा आपल्या तोंडात, शरीरात बसलेला असतो. ही स्मृती आठवत नाही, ती करते.

आता बसमध्ये बसवून बघा. प्रवासी आठवड्यातून चारदा बसला, पण त्याच्याकडे चित्रं आहेत: पहिल्या नोकरीचा दिवस, पावसात अडकलेली संध्याकाळ, शेजारी बसलेली व्यक्ती. कंडक्टरकडे काय आहे? एकाच मार्गावर दिवसाला इतक्या फेऱ्या, वर्षानुवर्षं. त्याच्या हाताला कळतं कुठल्या किमतीचं तिकीट पेटीत कुठे आहे. त्याच्या पायांना कळतं कुठल्या वळणावर दांडा धरायचा. न बघता त्याला कळतं की आता टप्पा बदलला. ही सवयीची स्मृती आहे. म्हणून एखाद्या निवृत्त कंडक्टरला 'आठवणी सांगा' म्हटलं, की उत्तर बहुधा असं येतं: 'काय सांगायचं साहेब, ड्युटी केली.' आपण निराश होतो आणि पुन्हा प्रवाशाकडे वळतो. दोष सांगणाऱ्याचा नाही. चित्राची अपेक्षा ठेवून आपण सवयीला प्रश्न विचारतो, म्हणून उत्तर येत नाही.

त्याऐवजी असं विचारून बघा: 'वे-बिल कसं भरायचात?' मग बघा माणूस कसा बोलायला लागतो. फेरी सुरू होताना प्रत्येक किमतीच्या गड्डीवरचा पहिला नंबर लिहायचा. फेरी संपली की शेवटचा नंबर. दोघांतला फरक म्हणजे विकलेली तिकिटं. त्यांचे पैसे आणि पिशवीतले पैसे जुळले पाहिजेत. कमी भरले तर खिशातून. गर्दीत, उभ्याने, हलत्या गाडीत, पावसाळ्यात ओल्या नोटा हाताळत हा हिशेब चालतो, आणि मध्येच तपासनीस चढला तर तो त्या क्षणी जुळलेला हवा. प्रवाशाच्या लेखातला 'सुट्ट्या पैशांवरून खेकसणारा कंडक्टर' आता जरा वेगळा दिसतो की नाही? विनोदाचा विषय होता, तो हिशेबाचा विषय झाला. चांगल्या आठवणीची माझी पहिली कसोटी हीच आहे: ती वाचल्यावर समोरच्या माणसाचं वागणं अधिक समजतं, की तो नुसता नमुना होऊन राहतो?

दुसरा मुद्दा रांगेचा. मुंबईची बसची रांग हा आपल्या अभिमानाचा विषय. आणि गंमत बघा, विसाव्या शतकातल्या एका मोठ्या तात्त्विक ग्रंथात बसची रांग आहे. सार्त्रने १९६० साली 'क्रिटिक ऑफ डायलेक्टिकल रीझन'मध्ये पॅरिसच्या सँ-जर्मेन चौकात बसची वाट पाहणाऱ्या लोकांचं उदाहरण घेतलं. ही माणसं एकत्र आहेत, पण समूह नाहीत. त्यांचं ऐक्य त्यांच्यात नसून येणाऱ्या बसमध्ये आहे. जागा थोड्या, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यासाठी 'जास्तीचा' आहे. प्रत्येकाची ओळख म्हणजे त्याचा क्रमांक. सार्त्र याला मालिका म्हणतो.

आपल्या रांगेला हे वर्णन तंतोतंत लागू पडतं. पण रांग बसमध्ये चढली की पुढे काय होतं? एक माणूस प्रत्येकाजवळ जातो आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: 'कुठे?' आपण कधी विचारात घेतलं नाही, पण त्या साठसत्तर अनोळखी माणसांत प्रत्येकाशी बोललेला तो एकटाच असतो. कोण कुठे उतरणार, कोणाला दिसत नाही, कोण नवखा आहे, कोण टप्पा चुकवायला बघतो आहे, हे त्यालाच ठाऊक. मालिकेला थोडंसं समूहपण येतं ते त्याच्यामुळे. एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. म्हातारीचा दुसरा पाय जमिनीला लागेपर्यंत दुसरी घंटी न देणं, हा निर्णय तो रोज शेकडो वेळा घेत होता. नियमपुस्तकात तो असेलही. पण तो अमलात आणणारी नजर पुस्तकात नसते.

इथे लगेच दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीच स्मरणरंजन करायला लागेन. हीच नजर काही वेळा वाईटही होती. माणूस बघून आवाज बदलणारे कंडक्टर होते. रिकामी गाडी थांब्यापुढे पळवली जायची. आणि बायकांना विचारा. गर्दीच्या बसच्या त्यांच्या आठवणीत वरच्या मजल्यावरचा वारा नंतर येतो. आधी येते पर्सला लावलेली सेफ्टी पिन, आणि ती कशासाठी होती ते. डबल डेकरवरच्या गोड लेखांत ही पिन मला फार क्वचित भेटली. ज्या आठवणीत कोणालाच त्रास झालेला नाही ती आठवण अर्धी आहे, असं खुशाल समजावं.

तिसरा मुद्दा शरीराचा. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसवरच्या हजारो कामगारांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्यात दिसलं की बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबल डेकरच्या जिन्यावरून दिवसभर वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. व्यायाम आणि हृदय यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास इथून सुरू झाला, असं मानतात. पुढे १९५६ साली त्यांनीच गणवेशांच्या मापांची नोंद तपासली. ड्रायव्हरांच्या विजारीची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. मग प्रश्न असा आला, की फरक कामामुळे पडला की मुळातच वेगळ्या बांध्याची माणसं वेगवेगळ्या कामाला लागत होती?

मला या अभ्यासाचं महत्त्व वैद्यकापुरतं वाटत नाही. आपल्याला जो जिना आठवतो, तो धावत चढून पुढची सीट पकडायची म्हणून आठवतो. तोच जिना कोणीतरी दिवसभर चढत होतं. त्याच्या शरीरावर त्याची नोंद होत होती, आणि ती नोंद सापडली कुठे, तर गणवेशांच्या मापांत. कंडक्टरची आत्मकथा कधीकधी अशा जागी पडलेली असते: वे-बिलात, ड्युटीच्या तक्त्यात, विजारीच्या मापात. समीक्षकाला तिथे वाचता आलं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, कंडक्टर आपल्याला आठवतात की! जॉनी वॉकर बेस्टमध्ये कंडक्टर होते. बद्रुद्दीन काझी प्रवाशांना हसवायचे, बलराज साहनींमुळे गुरुदत्तपर्यंत पोचले, आणि १९५१ च्या 'बाझी'त दिसले. बंगळुरात मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड शहरबसवर कंडक्टर होते. १९७५ साली ते रजनीकांत म्हणून पडद्यावर आले. या गोष्टी मलाही आवडतात. पण त्या काय सांगतात ते नीट ऐका. दोघेही आपल्या लक्षात राहिले कारण दोघांनी ती नोकरी सोडली. जणू कंडक्टरचं आयुष्य म्हणजे खऱ्या आयुष्याची प्रतीक्षा-खोली. जो तिथेच राहिला, निवृत्तीपर्यंत घंटी ओढत राहिला, त्याच्या आयुष्याला आपण गोष्टच मानत नाही.

हे सगळं आज बोलायचं कारण काय? १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली. १९३७ मध्ये डबल डेकर आली. १९४७ मध्ये हा उपक्रम महापालिकेचा झाला. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली तेव्हा निरोपाला लोक जमले होते. आणि १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिझेलची डबल डेकर अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे निघाली, तेव्हाही बसप्रेमी जमले, गाडी सजवली, फोटो झाले. एक गाडी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी झाली. त्या प्रेमाची मी टिंगल करत नाही. शहरातली माणसं सार्वजनिक वस्तूवर प्रेम करतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण डबल डेकर कमी का होत गेली? खर्च, हे उत्तर दिलं जायचं. आणि त्या खर्चातली एक ठळक बाब होती दोन कंडक्टर, प्रत्येक मजल्याला एक. म्हणजे आपण ज्या वरच्या मजल्यावर प्रेम केलं, तो त्या दुसऱ्या माणसामुळे चालत होता. मजला गेला तेव्हा हळहळलो. माणूस जमाखर्चातून गेला तेव्हा कोणी हार आणले नाहीत.

आज काय चाललंय? बेस्टच्या स्वतःच्या गाड्या आता शेकड्यांत मोजाव्या लागतात. बहुतेक गाड्या भाडेकराराच्या आहेत: गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा. काही मार्गांवर कंडक्टर गाडीत नसतोच, तिकीट थांब्यावर मिळतं किंवा मोबाइलवर. यातलं सगळंच वाईट, असं मी म्हणणार नाही. यंत्र सुट्ट्यांवरून खेकसत नाही, माणूस बघून आवाज बदलत नाही. पण 'कुठे?' विचारणारा आणि दुसरी घंटी रोखून धरणारा माणूस आपण काढून टाकतो आहोत, तर तो काय करत होता याची आपल्याकडे नोंद हवी. नोंदच नसेल तर उद्या कोणी म्हणेल, 'तो तर फक्त तिकिटं फाडायचा', आणि ते खोडून काढायला आपल्याजवळ काही नसेल. आठवणींचा प्रश्न शेवटी असा धोरणाचा प्रश्न होतो. ज्याचं काम आठवत नाही त्याची जागा काढणं सोपं असतं.

म्हणून बसच्या आठवणी लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना मी तीन प्रश्न सुचवतो. या आठवणीत काम दिसतं का, की फक्त प्रवास? यात कोणाला त्रास झालेला दिसतो का? आणि यातला दुसरा माणूस बोलतो का, की नुसता आठवला जातो? तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर लेख गोड असेल, पण तो बसबद्दल नाही, लेखकाच्या तरुणपणाबद्दल आहे.

आणि एक काम. तुमच्या इमारतीत, नात्यात, ओळखीत निवृत्त कंडक्टर, ड्रायव्हर, डेपोतले फिटर असतील. साठसत्तरच्या दशकात कामाला लागलेली ही पिढी आता फार काळ असणार नाही. त्यांच्याकडे जा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू करा. 'आठवणी सांगा' म्हणू नका. 'सकाळी डेपोत गेल्यावर पहिलं काय करायचात?' एवढंच विचारा. आणि मग मध्ये बोलू नका.

आता प्रश्न घेऊ.