‘पूर्ववत’ म्हणजे कधीसारखं?

आता कॅनडातलं नॉर्मन वेल्स घेऊ. तिथे तेलाची विहीर लागली १९२० साली. पण देने लोकांना झिरपणारं तेल आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या भाषेत गावाचं नावच मुळी ‘तेल असलेली जागा’ असं आहे. पुढे तेलासाठी मॅकेन्झी नदीत सहा कृत्रिम बेटं बांधली गेली. क्षेत्र बंद करताना ती ठेवायची की काढायची? आपण म्हणतो, हा अभियांत्रिकीचा प्रश्न. आराखडा झाला की स्थानिकांना विचारू. याला सहभाग कसं म्हणायचं? ‘जागा पूर्ववत करू’ यातलं ‘पूर्व’ कुठलं, हे आधी ठरायला हवं. त्या नदीची आठवण ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याशिवाय ते ठरवणार कोण? कंपनी निघून जाईल; काठावर राहायचंय ते देनेंनाच.