राजू, त्याचे झाड आणि चाळीस चोर

मुलांशी पैशाविषयी बोलताना आपल्या घरांत अजूनही संकोच वाटतो. लक्ष्मीपूजनाला आपण वही पुजतो, पण वहीत काय लिहिले आहे ते मुलांना वाचू देत नाही. भाऊबीजेची ओवाळणी तबकात पडते आणि ‘आईजवळ ठेवायला दे’ एवढ्यावर तिचे अर्थशास्त्र संपते. म्हणूनच हा संकोच सोडून कोणी मुलांसाठी पैशाविषयी काही लिहिले, तर त्याचे स्वागत केले पाहिजे. आणि ज्याचे स्वागत करायचे, त्याचे परीक्षणही मनापासून केले पाहिजे. बालसाहित्यावर लिहिणारी मंडळी अशा पुस्तिकांकडे वळत नाहीत. ते साहित्य नव्हे, असे त्यांना वाटत असावे. पण ज्यात एक पात्र आहे, त्याच्यावर प्रसंग येतो आणि शेवटी बोध निघतो, ती गोष्टच झाली. आणि गोष्टीला गोष्टीचे नियम लागू होतात.

रिझर्व्ह बँकेने २००७ साली बालदिनाच्या मुहूर्तावर आपल्या संकेतस्थळावर अर्थशिक्षणाचे दालन उघडले. त्यात मुलांसाठी चित्रकथा आहेत. ‘मनी कुमार’ मध्यवर्ती बँकेचे काम समजावून देतो आणि ‘राजू आणि पैशाचे झाड’ या कथेतून बँक व बचत यांची ओळख होते. पुढे २०२२ साली बँकेच्या लोकपाल कार्यालयाकडून ‘राजू आणि चाळीस चोर’ ही पुस्तिका निघाली. फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा, चाळीस लहान गोष्टी आणि प्रत्येकीत घ्यायची खबरदारी. हे सारे फुकट आहे आणि आईच्या फोनवरही वाचता येते. भाषा सोपी, चित्रे ठसठशीत. वर्गात मी ती वापरते आणि मुलांना ती आवडतात, हे आधी सांगून टाकते.

आता तक्रार. पहिली तक्रार झाडाविषयी आहे. झाड आपोआप वाढते. पाणी घातले की झाले. व्याज तसे वाढत नाही. ते कोणीतरी भरीत असते. आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकविताना एका मुलीने मला विचारले, “बाई, बँक आपल्याला व्याज देते, ते तिला कोण देते?” या एका प्रश्नात अर्ध्या अर्थशास्त्राचा दरवाजा उघडतो. आपण ठेवलेला पैसा बँक कोणाला तरी कर्जाऊ देते. कोणी त्यावर दुकान घालतो, कोणी ट्रॅक्टर घेतो, कोणी मुलीचे लग्न करतो. एकाचे फळ ते दुसऱ्याचे हप्ते. झाडाचे चित्र एकदा मनात ठसले, की हा दुसरा माणूस दिसेनासा होतो.

शिवाय झाडाला कीडही लागते. हजार रुपये दरसाल सात टक्के चक्रवाढीने दहा वर्षे ठेवले, तर १,९६७ रुपये होतात. मुले खूश होतात. मग मी सांगते, याच दहा वर्षांत किमती दरसाल सहा टक्क्यांनी वाढल्या, तर आज हजाराला मिळणारा किराणा तेव्हा १,७९१ रुपयांना पडेल. हाती उरले १७६. वर्ग गप्प होतो. आणि हेच गणित कर्जाच्या बाजूने मांडले तर? दरमहा शेकडा तीन म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण थकलेले व्याज दर महिन्याला मुदलात मिळत गेले, तर दहा हजारांवर वर्षाला सुमारे ४,२५८ रुपये चढतात. बचत करा, हा उपदेश खरा. पण ज्या घरात हप्ता आधी जातो आणि बचत मागून उरते, त्या घरातल्या मुलाला हे दुसरे गणित अधिक जवळचे असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चाळीस चोरांच्या गोष्टींत राजू म्हणजे भोळा माणूस. तो दुव्यावर बोट ठेवतो, सोडतीच्या आमिषाला भुलतो, पैसे मिळायचे म्हणून क्यूआर संकेत टिपतो आणि पैसे गमावतो. मग खबरदारीच्या सूचना येतात. सूचना उत्तम आहेत. त्या पाठ कराव्यात. पण गोष्टीचा साचा जुन्या नीतिकथेचा आहे: भोळेपणा, शिक्षा, बोध. त्यातून मुलाच्या मनात नकळत उतरते ते हे, की फसतो तो मूर्ख. चाळीस वेळा हे वाचलेला मुलगा एखाद्या दिवशी स्वतः फसला, तर तो कोणाला सांगेल काय? आजोबा फसले, तर ते नातवाला सांगतील काय? लाजेने माणूस गप्प बसतो आणि या व्यवहारात गप्प बसणेच महाग पडते.

१९३० या मदतक्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसा वाटेत अडविण्याची आशा अधिक. रिझर्व्ह बँकेच्याच २०१७ सालच्या परिपत्रकाने ठरविले, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर ग्राहकावर भार नाही. आणि गुप्त क्रमांक ग्राहकानेच दिला असला, तरी कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चोराशी शर्यत आहे ती वेळेची. म्हणून माझ्या मते गोष्टीचा नायक बदलायला हवा. न फसणारा शहाणा हा नायक नव्हे. फसल्यावर घाईने घरी येऊन “माझे पैसे गेले” असे सांगणारा मुलगा, आणि न रागावता फोन उचलणारी त्याची आई, हे खरे नायक.

इथेच या साऱ्या साहित्याचे उणे दिसते. राजूला घर नाही. त्याच्या वडिलांना पगार की रोजंदारी, वाण्याची उधारी किती, बहिणीच्या शिक्षणासाठी काय विकले, याचा पत्ता नाही. बालभारतीच्या पुस्तकांतही तीच विभागणी. नववीच्या (२०१७) व दहावीच्या (२०१८) गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आले. त्यात आयकर, वस्तू व सेवा कर, शेअर यांची चांगली उदाहरणे आहेत. अर्थशास्त्राची ओळख मात्र नववीच्या भूगोलात. आकडे एका खोलीत, समाज दुसऱ्या खोलीत, सावधगिरी तिसऱ्या. आणि मधे दार नाही.

आपली परंपरा अशी नव्हती. लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले, ते देशाची संपत्ती कशी होते हे मराठी माणसाला कळावे म्हणून. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकरी कर्जात का बुडतो याचे उत्तर त्यांनी त्याच्या उधळेपणात शोधले नाही. करांत, कचेऱ्यांत आणि अविद्येत शोधले. त्या मानाने आजचे अर्थशिक्षण पासबुकाएवढे आखूड झाले आहे.

तरीही या पुस्तिका टाकून देऊ नयेत. सुट्टीत मुलांना जवळ घेऊन त्या वाचाव्यात आणि प्रत्येक पानाखाली तीन प्रश्न जोडावेत: हा पैसा कोणाच्या कष्टाचा? तो कोणाकडे गेला? आणि आपल्या घरी असे झाले तर आधी कोणाला सांगायचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात कित्येक इयत्ता जातील. तिसऱ्याचे उत्तर मात्र या दिवाळीतच, फराळाच्या ताटावर ठरवून टाकावे.