अस्मानी, सुलतानी आणि एका अहवालाची भाषा

फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातील अपघाताची चौकशी करण्यासाठी जपानच्या संसदेने डॉ. कियोशी कुरोकावा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने आपला अहवाल ५ जुलै २०१२ रोजी सादर केला. अशा अहवालांची चर्चा बहुधा अभियंते आणि कायदेपंडित करतात. प्रस्तुत लेखकाचा त्या दोन्ही क्षेत्रांत अधिकार नाही. परंतु कोणी, काय आणि केव्हा केले हे सांगण्यासाठीच अहवाल लिहिला जातो. त्यातील कर्ता कोठे प्रकट होतो व कोठे लोप पावतो हे पाहणे भाषाभ्यासकाचे कामच होय.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर केंद्राच्या चालक कंपनीने, म्हणजे तोक्यो विद्युत कंपनीने, 'सोतेइगाइ' हा शब्द पुढे केला. 'सोतेइ' म्हणजे गृहीत धरणे आणि 'गाइ' म्हणजे बाहेर. आपल्या 'अकल्पित' या शब्दाशी त्याचे साम्य आहे. 'अकल्पित' म्हणजे कोणी कल्पिले नाही असे. 'अकल्पनीय' म्हणजे कल्पिताच येणार नाही असे. पहिल्या शब्दामागे न कल्पिणारा कर्ता उभा असतो, दुसऱ्यात त्याची गरजच उरत नाही. 'सोतेइगाइ'चा शब्दार्थ पहिला. वापरणाऱ्यांनी तो दुसऱ्या अर्थाने वापरला. एका समासाच्या आडोशाने एक संपूर्ण कंपनी दृष्टीआड झाली.

आयोगाचे मोठे कार्य हे की त्याने हा आडोसा काढला. केंद्र उभारताना मुळात सुमारे ३५ मीटर उंच असलेला कडा कापून पहिल्या चार अणुभट्ट्यांची भूमी १० मीटरवर आणली गेली. मूळ आराखड्यात त्सुनामीची उंची धरली होती अवघी ३.१ मीटर, आणि तीही १९६० च्या चिलीतील भूकंपाने आलेल्या लाटेवरून. २००२ साली हा आकडा ५.७ मीटर झाला. २००८ साली कंपनीच्याच गणिताने १५.७ मीटर हे उत्तर दिले. ते पुढील अभ्यासाच्या नावाखाली बाजूला ठेवण्यात आले आणि नियामक संस्थेपुढे आले ते ७ मार्च २०११ रोजी, म्हणजे अपघातापूर्वी चार दिवस. प्रत्यक्ष पाणी चढले सुमारे १४ ते १५ मीटर. आणीबाणीची बहुतेक डिझेल जनित्रे तळघरांत होती, ती बुडाली. सहाव्या अणुभट्टीचे हवेने थंड होणारे एक जनित्र उंचावर होते. ते वाचले आणि त्यावर पाचवी व सहावी अणुभट्टी तगली. कल्पना झालेलीच होती, कागदावर मांडलेलीही होती. तिला अकल्पित म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग नव्हे, वस्तुस्थितीचा होय.

नियामकांविषयीचा भाग याहून बोलका आहे. वीजपुरवठा दीर्घकाळ पूर्णपणे खंडित होण्याची शक्यता विचारात घेण्याची आवश्यकता नाही, असे अणुसुरक्षा आयोगाच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले होते. त्यानंतरच्या काही वर्षांत या नियमाची कारणे लिहून देण्यास खुद्द वीज कंपन्यांनाच सांगण्यात आले. त्यासाठी वापरलेला 'साकुबुन' हा शब्द शाळेतील निबंधलेखनाचा आहे. नियमाची मीमांसा नियमिताने लिहावी आणि नियामकाने ती स्वीकारावी! देखरेख करणारी संस्था ज्या मंत्रालयात होती, त्याच्याकडेच अणुविजेच्या प्रसाराचे कामही होते. आयोगाने या अवस्थेला 'बंदिवान नियामक' अशा अर्थाचे नाव दिले ते यथार्थ आहे.

आयोगाचा निष्कर्ष असा की हा 'जिनसाइ' होता, 'तेन्साइ' नव्हे. मराठी वाचकास येथे 'अस्मानी' आणि 'सुलतानी' ही जोडी आठवल्यावाचून राहणार नाही. भेद एवढाच की 'जिनसाइ'तील मनुष्य कोणीही असू शकतो. 'सुलतानी' म्हणताच बोट राज्यकर्त्याकडे वळते. किंबहुना अहवालाच्या मुख्य भागास आपलाच शब्द अधिक साजतो.

आणि येथेच माझा आक्षेप सुरू होतो. अहवालाच्या इंग्रजी सारांशाच्या प्रस्तावनेत अध्यक्षांनी या आपत्तीवर 'जपानमध्ये घडवलेली' अशी मुद्रा उमटवली आणि तिची मुळे आज्ञाधारकपणा, अधिकाऱ्यांना प्रश्न न विचारण्याची वृत्ती, गटनिष्ठा इत्यादी सांस्कृतिक सवयींत दाखवली. हा मजकूर जपानी पाठात नाही. ज्या समाजाचा हा दोष, त्याला तो सांगितला नाही. सांगितला तो परक्यांना. पाठभेदाचा हा प्रश्न गंभीर आहेच, परंतु त्याहून गंभीर आहे वाक्यातील कर्त्याचा बदल. संस्कृती हा कर्ता झाला की कंपनी, मंत्रालय आणि २००८ सालचा तो कागद ही सारी निमित्तमात्र ठरतात. संस्कृतीला ना न्यायालयात उभे करता येते, ना पदावरून दूर करता येते. दारातून घालवलेली अस्मानी अशी खिडकीतून परत येते.

शिवाय ही उपपत्ती टिकत नाही. ओनागावा केंद्रही जपानीच, समुद्र तोच, भूकंप तोच. परंतु तेथील भूमी १४.८ मीटर उंचीवर ठेवलेली होती आणि सुमारे १३ मीटरची लाट येऊनही ते केंद्र सुरक्षितपणे बंद झाले. उलट, फ्रान्समधील ब्लाये केंद्रात २७ डिसेंबर १९९९ रोजी वादळात जिरोंद खाडीचे पाणी बांध ओलांडून आत शिरले. तेथे जपानी गटनिष्ठा नव्हती. आपल्या कल्पाक्कमलाही २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचे पाणी पंपगृहात आले आणि अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. आपल्या नियामक मंडळाविषयीचा महालेखापरीक्षकांचा २०१२ चा अहवालही येथे तुलनेस घेण्याजोगा आहे: त्यात स्वायत्ततेचा अभाव शोधला गेला तो कायद्याच्या चौकटीत, भारतीयांच्या स्वभावात नव्हे. भाषा रुक्ष, पण कर्ता ठिकाणावर.

डॉ. कुरोकावा यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की स्वजनांवर कठोर होण्याचे धैर्य त्यांच्या प्रस्तावनेत आहे, आणि त्या सवयी जपानी समाजात नाहीत असेही नव्हे. परंतु सवय हे कारण आणि निर्णय हे कृत्य. अहवालाचा विषय कृत्य हा होता.

१७ जून २०२२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने शासन भरपाईस बांधील नाही असा निर्णय ३ विरुद्ध १ मतांनी दिला. २००८ च्या गणिताप्रमाणे भिंत बांधली असती तरी प्रत्यक्षातील अधिक मोठी लाट अडली नसती, असा बहुमताचा युक्तिवाद. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्तींनी मात्र भिंतीपलीकडे पाहिले: इमारतींची दारे जलरोधक करणे तेव्हाही शक्य होते, आणि ते करवून घेणे हे शासनाचे काम होते, असे त्यांनी नोंदवले.