श्राव्य रूपबंध आणि 'गीतरामायण'

मराठी समीक्षेने नभोवाणीला दीर्घकाळ वाङ्मयाच्या उंबरठ्यावरच थांबविले आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले आणि पुढील काळात गायन, भाषण, संवाद, श्रुतिका यांची सरमिसळ श्रोत्यांच्या घरात पोहोचू लागली. या सरमिसळीची 'विविध मनोरंजन' अशी बोळवण करण्यात आली. परंतु या वैविध्यातूनच एक स्वतंत्र श्राव्य रूपबंध सिद्ध झाला, याची दखल घेतल्याखेरीज 'गीतरामायणा'चे समाधानकारक विवेचन होऊ शकत नाही.

संगीत नाटकातील पद 'वन्समोअर'च्या बळावर लांबत असे. समोरचा प्रेक्षकच त्याचा विस्तार ठरवी. ध्वनिमुद्रिकेने गीत सुमारे तीन मिनिटांत बांधले. मात्र ती पुन्हा केव्हा वाजवायची, हे ऐकणाऱ्याच्या हाती राहिले. नभोवाणीने ही दोन्ही स्वातंत्र्ये काढून घेतली. श्रोता अदृश्य, वेळ ठरलेली आणि पुनरावृत्तीचा अधिकार केंद्राकडे. गायकाला अभिनयाचा आधार नाही, दादही नाही. म्हणून शब्दांची स्पष्टता आणि स्वराचा भाव यांवरच सारा भार आला. भावगीताची जडणघडण पाहताना काव्यप्रवृत्तींइतकाच या माध्यमबंधनांचा विचार आवश्यक ठरतो.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने 'गीतरामायण' आकाराला आले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढील वर्षीच्या रामनवमीपर्यंत ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात दर आठवड्यास प्रसारित झाली. मूळ योजना ५२ गीतांची होती. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने चार गीते वाढली. काव्याची व्याप्ती पंचांगाने आणि प्रसारणाच्या आठवड्यांनी ठरावी, ही घटना संहितेच्या स्वायत्ततेवर विसंबणाऱ्या समीक्षेला अडचणीची आहे.

लव-कुशांच्या गायनाची चौकट असल्याने ही रचना कीर्तनपरंपरेचाच विस्तार आहे, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. कीर्तनकार मात्र सर्व पात्रे एकाच देहातून उभी करतो आणि निरूपणाने ती जोडतो. येथे बहुतांश गीते पात्रांच्या मुखी आहेत आणि मूळ प्रसारणात त्यांना वेगवेगळे कंठ लाभले. सीता माणिक वर्मांच्या, तर कौसल्या ललिता फडके यांच्या आवाजात ऐकू आली. दोन गीतांमधील आठवड्याचे अंतर श्रोत्याने स्वतःच्या स्मृतीने भरून काढायचे होते. रामकथा सर्वपरिचित असल्यामुळेच ही खंडित रचना पेलली गेली.

१९५७ साली ही गीते ग्रंथरूपाने आली आणि पुढे फडके यांच्या एकट्याच्या गायनाने ती घरोघरी स्थिरावली. हे गायन श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. पण त्यामुळे बहुकंठी 'गीतरामायण' एककंठी झाले. नभोवाणीची कृती मैफलीकडे, म्हणजे एका अर्थाने कीर्तनाकडे परतली. आजचा अभ्यासक ग्रंथ वाचतो किंवा फडके यांचा स्वर ऐकतो आणि त्यालाच मूळ कृती मानतो. कीर्तनाशी असलेले साम्य त्याला म्हणूनच अधिक जाणवते. प्रसारित कृती, मुद्रित संहिता आणि मैफलीतील आविष्कार या तीन भिन्न अवस्था मानून त्यांचा स्वतंत्र अभ्यास झाला, तरच नभोवाणीने मराठी काव्याला काय दिले, याचा न्याय्य निर्णय करता येईल.