भिंतीवरचं पत्र आणि वकील लिंकन

आपल्या बीड जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रात कुठल्याही शाळेत गेलात, तर हेडमास्तरांच्या खुर्चीमागं बऱ्याचदा एक चौकट लावलेली दिसते. लिंकननं आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. मराठी शब्द वसंत बापटांचे. मी नववीत असताना हे पत्र स्पर्धेत पाठ म्हणून दाखवलं होतं आणि बक्षीसही घेतलं होतं. त्यामुळं आज जी टीका करणार आहे, तिच्यात एक आरोपी मीसुद्धा आहे.

पहिली गोष्ट सरळ सांगून टाकतो. लिंकनच्या संकलित लेखनात हे पत्र नाही, आणि त्यानं ते लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. आता तुम्ही म्हणाल, नसू द्या, मजकूर तर चांगला आहे ना? चांगला आहेच. बापटांची भाषा कानात बसणारी आहे. ती रचना बापटांची म्हणून वाचा, माझं काहीच म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या एका चौकटीनं मराठी माणसाच्या मनात लिंकनच्या आयुष्याची जागाच घेऊन टाकली. तिच्यात वकील नाही, सैनिक नाही, राजकारणी नाही. आणि गुलामगिरीचा तर उल्लेखसुद्धा नाही! आहे तो फक्त एक काळजीवाहू बाप, आणि त्याची मास्तरांकडं असलेली मागण्यांची लांबलचक यादी.

खरा लिंकन शाळेत किती गेला होता? त्याच्याच हिशेबानं सगळं मिळून वर्षभरसुद्धा नाही. १८०९ साली केंटकीत जन्म, १८१६ ला कुटुंब इंडियानात, १८३० ला इलिनॉयमध्ये. बाप जेमतेम सही करण्यापुरता साक्षर. शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा काही आठवडे शाळा, की पुन्हा हातात कुऱ्हाड. हे चित्र आपल्याला समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की इथल्या गावागावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आईबापांबरोबर लेकरंही जातात, नाहीतर हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात. तुकड्यातुकड्यानं शिकणारी ही पोरं त्या चौकटीखाली उभी राहून प्रार्थना म्हणतात. चौकटीतला माणूस आपल्यासारखाच होता, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

सैनिकाचं थोडक्यात सांगतो. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात स्वयंसेवकांनी त्याला आपला कॅप्टन निवडलं. लढाई अशी काही वाट्याला आली नाही. पुढं १८४८ मध्ये काँग्रेसच्या सभागृहात त्यानं स्वतःच्या या शौर्याची यथेच्छ टिंगल केली, आपलं रक्त सांडलं ते डासांशी झुंजताना, अशा थाटात. आपल्याकडचा एखादा पुढारी असं बोलेल का, बघा बुवा.

वकिलाशी मात्र थांबावं लागतं. १८४१ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात त्यानं नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीचा व्यवहार बेकायदा ठरवून घेतला. छान. आणि १८४७ मध्ये? केंटकीच्या मॅट्सन नावाच्या मालकाचं वकीलपत्र घेतलं. जेन ब्रायंट ही स्त्री आणि तिची मुलं माझी मालमत्ता आहेत, असा त्या मालकाचा दावा होता. लिंकन तो खटला हरला आणि ब्रायंट कुटुंब मुक्त झालं. म्हणजे त्याच्या हरण्यानं एका आईची लेकरं सुटली! चरित्रकारांना हे प्रकरण अडचणीचं वाटतं. कुणी म्हणतं, वकिलाचा धर्मच तो. कुणी म्हणतं, मुद्दाम कच्चा लढला. मला यातलं दुसरं पटत नाही, ती भक्तांची पळवाट आहे. आधी चुकीच्या बाजूनं उभा राहिलेला वकील सोळा वर्षांनी, १ जानेवारी १८६३ ला, मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही करतो, हा प्रवास मोठा आहे. तो आधीपासूनच संत होता असं ठरवलं, की प्रवासच उरत नाही.

मराठीनं लिंकनच्या काळाकडं नेहमी असंच पाहिलं, असंही नाही. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. एका माणसाला नव्हे, लोकांना. अमेरिकेतल्या यादवीचा अर्थ जोतीरावांनी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नाशी नेऊन भिडवला. आणि आपण शंभर वर्षांनी काय केलं? त्याच माणसाला शिस्तीचा सुविचार करून भिंतीवर टांगलं.

बरं, शिक्षणाबद्दल त्यानं खरंच लिहिलेली पत्रं नाहीत का? आहेत की! २२ जुलै १८६० ला, अध्यक्षपदाचा उमेदवार असताना, त्यानं आपल्या मुलाच्या मित्राला, जॉर्ज लॅथमला, पत्र लिहिलं. हा पोरगा हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला होता. आदल्या वर्षी लिंकनचा स्वतःचा रॉबर्टही तिथंच आपटला होता. पत्रात हेडमास्तरांवर कसलाही भार नाही. नापास पोराशी थेट बोलणं आहे, की खचू नकोस, पुन्हा बस.

दुसरं पत्र १८५५ चं, आयशम रीव्हिस या तरुणाला. त्याला कायदा शिकायचा होता. लिंकन सांगतो, पुस्तकं मिळव आणि वाच. कुणाच्या हाताखाली, कुठल्या गावात, याला फारसं महत्त्व नाही. मी न्यू सालेममध्ये वाचलं. त्या गावाची वस्ती कधीच तीनशेच्या वर गेली नाही, हेही तो मुद्दाम लिहितो. म्हणजे आपल्या एखाद्या तांड्याएवढं गाव, बरं का.