जोडा चावतो कुठे

मराठीत जोडा चावतो. इंग्रजांचा नुसता चिमटे काढतो. ह्यावरून दोन्ही समाजांच्या पादत्राणांविषयी काय अनुमान काढायचे ते भाषाशास्त्रज्ञांनी काढावे. पण नवी कोल्हापुरी घालून वरातीत चाललेल्या माणसाला आपला शब्द किती नेमका आहे हे समजावून सांगावे लागत नाही. चावायला दात लागतात, शिवाय थोडा खुनशीपणाही लागतो. म्हणून बॅलेमधल्या त्या गुलाबी साटिनच्या जोड्याविषयी लिहायला मराठीइतकी लायक भाषा दुसरी नाही, असे माझे नम्र मत आहे. मराठीला ती संधी आजवर फारशी मिळाली नाही, हा भाग वेगळा.

विषय निघाला तो 'द रेड शूज' ह्या चित्रपटावरून. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर ह्या जोडगोळीने तो १९४८ साली काढला. मी तो आत्तापर्यंत तीनदा पाहिला आहे आणि चौथ्यांदा कोणी बोलावले तर नेहमीप्रमाणे 'बघू' म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसेन. इतके देखणे रंग पडद्यावर क्वचितच उतरले असतील. मधला बॅले चांगला पंधरा-सतरा मिनिटांचा आहे, आणि तेवढा वेळ आपण श्वास घेतो की नाही ह्याची खात्री देता येत नाही. संगीताला ऑस्कर, कलादिग्दर्शनाला ऑस्कर. मॉयरा शिअरर ही खरीखुरी बॅले नर्तिका, तांबड्या केसांची. तिला हे सिनेमात येण्याचे लचांड मुळात नकोच होते. बऱ्याच मिनतवारीनंतर ती तयार झाली. तेव्हा माझी तक्रार कोणी 'ह्याला कळत नाही' ह्या खात्यात टाकू नये. कळत नाही हे खरे असले तरी तक्रार त्या खात्यातली नाही.

तक्रार अशी, की चित्रपटाचे नाव जोड्यांवरून, गोष्ट जोड्यांची, शेवट जोड्यांमुळे; आणि सबंध चित्रपटात जोडा चावत नाही.

मूळ गोष्ट हान्स अँडरसनची, १८४५ सालची. कारेन नावाच्या मुलीला लाल जोड्यांचा मोह पडतो, ते पायाला चिकटतात आणि तिला नाचवत सुटतात. शेवटी ती फाशी देणाऱ्या मांगापुढे पाय धरते आणि तो ते कुऱ्हाडीने तोडतो. तुटलेले पाय जोड्यांसकट नाचत निघून जातात! ही लहान मुलांची गोष्ट आहे, बरे का. आपल्याकडे मुलांना बागुलबुवा दाखवला तर बालमानसशास्त्राची पुस्तके अंगावर येतात. पण अँडरसनच्या बाजूने एक सांगितले पाहिजे: त्याच्या गोष्टीत पाय हे पाय आहेत. त्यांना ओरखडे पडतात, रक्त येते. पॉवेल-प्रेसबर्गरच्या नायिकेचे पाय म्हणजे 'कला'. ती कलेसाठी झुरते, प्रेमासाठी झुरते, दोहोंच्या कात्रीत सापडते आणि माँटे कार्लोच्या सज्जावरून खाली आगगाडीसमोर उडी घेते. तिच्या करंगळीला मात्र दोन तासांत एक फोड येत नाही.

आता हा जोडा काय प्रकार आहे ते सांगायला हवे, नाहीतर माझी तक्रार नुसती चांभारचौकशी वाटेल. (ह्या विषयात ती असायला हरकत नाही म्हणा.) ह्याला पॉइंट शू म्हणतात. वरून पाहावा तर नव्या नवरीच्या शालूसारखा झुळझुळीत. आतला ऐवज पाहिला तर थेट आपल्या वाण्याच्या दुकानातला. बोटांभोवती जी कडक डबी असते ती गोणपाट, कापड आणि कागदाचे थर एकमेकांना खळीने चिकटवून केलेली. हो, खळच; आकाशकंदिलाला आपण करतो तिच्याच जातकुळीतली. ती भट्टीत वाळवून टणक करतात. तळव्याखाली चामड्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी. टोकाला दोन-तीन बोटे रुंदीचा सपाट तुकडा, आणि त्यावर सगळी बाई.

बघणाऱ्याला वाटते की ती नखांवर उभी आहे. जोडा बरोबर असेल तर तशी ती नसते. डबी बोटांना चहूबाजूंनी आवळून धरते, पट्टी कमानीला टेका देते, आणि उरलेला भार पोटऱ्या-मांड्यांनी वर उचलून धरायचा असतो. म्हणूनच शहाण्या गुरू मुलीला कित्येक वर्षे साध्या मऊ चपलांत घासून घेतात आणि साधारण अकरा-बारा वर्षांची झाल्यावर, पायात बळ आले आहे असे पाहूनच, हा जोडा हातात देतात. हातात, असे मुद्दाम म्हटले. कारण नवा जोडा आधी पायात जात नाही. तो दारात चिमटतात, भिंतीवर आपटतात, पट्टी वाकवतात, तळवा सुरीने खरवडतात, टोकाला रफू करतात आणि मग राळेच्या पेटीत घोळवतात. इतकी महाग वस्तू दुकानातून आणून पहिल्याप्रथम तिला बडवणारी दुसरी जमात माझ्या पाहण्यात नाही. आणि एवढे करून तो टिकतो किती? मोठ्या कंपनीतल्या मुख्य नर्तिकेचा जोडा कधीकधी एका रात्रीत संपतो. घामाने खळ विरघळते, डबी मऊ पडते. 'जोडा मेला' असे ते म्हणतात. वरून साटिन मात्र जसेच्या तसे. म्हणजे मढे सजवलेलेच.

ह्या जोड्याची पणजी म्हणजे मारी टाल्योनीची चप्पल. १८३२ साली पॅरिसला 'ला सिल्फीद'मध्ये ती चवड्यांच्या टोकावर तरंगली आणि युरोप वेडा झाला. तिच्या पायात डबीबिबी काही नव्हते. मऊ साटिनची चप्पल, कडेने आणि टोकाला रफूचे टाके, बाकी सगळा पायाचा जोर. रशियातल्या तिच्या चाहत्यांनी १८४२ साली तिचा एक जोडा दोनशे रुबलला विकत घेतला, शिजवला आणि रस्सा घालून खाल्ला असे सांगतात. जोडा माणसाला चावतो हे सर्वश्रुत आहे. माणसाने जोड्याला चावल्याचे हे एकच उदाहरण. पण त्या पंगतीत एकाने तरी विचारले असेल का, की बाई, तुमचे अंगठे कसे आहेत?

नसेल. इथेच सगळ्या भानगडीचे मूळ आहे. पुढे इटालियन बायका आल्या, जोडे कडक झाले, पिएरिना लेन्यानीने पीटर्सबर्गला १८९३ साली एका पायावर ओळीने बत्तीस गिरक्या मारल्या आणि दोनच वर्षांनी 'स्वान लेक'मध्ये त्या कायमच्या नेमून दिल्या. तेव्हापासून प्रेक्षक गिरक्या मोजतो. मीही मोजतो. बत्तीस भरल्या की टाळ्या, एकतीस झाल्या की चुकचुक. क्रिकेटच्या धावा मोजाव्यात तशा आपण दुसऱ्याच्या अंगठ्यावरच्या गिरक्या मोजत असतो, आणि वर म्हणतो, कशी अलगद, पिसासारखी! बॅलेची सगळी समीक्षा ह्या पिसावर उभी आहे. कष्ट दिसता कामा नये ही त्या कलेची अट, आणि टीकाकाराने ती इतकी मनावर घेतली की कष्ट नाहीतच असे तो धरून चालला.

ह्याच्या नेमके उलट टोक म्हणजे २०१०चा 'ब्लॅक स्वान'. डॅरन ॲरोनॉफ्स्कीचा. ह्यात नुसते चावणेच चावणे. नखे फुटतात, कातडी सोलते, बोटे एकमेकांना चिकटलेली दिसतात. पॉपकॉर्न खाणाऱ्या माझ्या शेजाऱ्याने पुडी खुर्चीखाली ठेवून दिली. त्यात एक छोटा तुकडा मात्र पहिल्या प्रतीचा आहे: नायिका नवा जोडा मोडून, खरवडून, टाके घालून तयार करते तो. पोळ्या लाटणाऱ्या बाईसारखे तिचे हात चालतात. अर्ध्या मिनिटात जे सांगून होते ते बाकीच्या शंभर मिनिटांच्या रक्तपाताला जमलेले नाही. कारण पुढे दुखणे हे वेडाचे लक्षण होऊन बसते. एकात पाय दुखतच नाही. दुसऱ्यात दुखतो तो डोके फिरले म्हणून. साधा, बिनमनोरुग्ण, शहाण्या मुलीचा पाय अचानक दुखायला लागला तर काय, हा प्रश्न दोघांच्याही दारातून उपाशी परत जातो.

हा प्रश्न मला पडायचे कारण घरचेच आहे. माझी भाची इंग्लंडात असते. तिची मुलगी तेरा वर्षांची, बॅले शिकते. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे तीन महिने होतो. मुलीच्या पायाची दोन बोटे मी पाहिली तेव्हा मला आधी वाटले की शाई सांडली आहे. मी विचारले तर म्हणाली, "आजोबा, हे नॉर्मल आहे." त्या घरात 'नॉर्मल'मध्ये काय काय बसत होते! फोड नॉर्मल, काळे नख नॉर्मल, बोटांच्या बेचक्यातले कुरूप नॉर्मल. (भोवरीला 'कुरूप' हा शब्द ज्या पूर्वजाने दिला तो सौंदर्यशास्त्राचा जाणकार असावा.) बोटांवर लोकर, लोकरीवर चिकटपट्टी, त्यावर रबरी टोपी. गणपतीच्या मूर्तीला पेंढ्यात बांधतात तशी ती रोज आपली बोटे बांधायची आणि हसत जायची.

एके दिवशी हसत आली नाही. गिरकी घेताना डाव्या पायात एकदम कळ आली होती. ही रोजची ठणक नव्हे. सुई खुपसावी तशी, एका जागी. तिने बाईंना सांगितले. बाईंनी सांगितले की दुखणे हे ह्या कलेचे शुल्क आहे, कार्यक्रम दहा दिवसांवर आहे, सवय होईल. त्या बाईंचे किंवा त्यांच्या शाळेचे नाव मी घेणार नाही; त्या स्वतःही असेच शिकल्या असणार. पण पोरीने ते वाक्य प्रसादासारखे घरी आणले आणि आईपासून चार दिवस लपवले. लंगडताना दिसू नये म्हणून ती जिना आमच्या आधी उतरून बसायची.

भाची म्हणाली, "मामा, हिला मी ओरडू की बाईंना?" मी म्हटले, आधी जोडा बघू. जोडा मेलेला होता. डबी अंगठ्याने दाबली तर शिळ्या पावासारखी आत गेली. शिवाय पाय वाढला होता. तेराव्या वर्षी वाढतोच, त्याला वेळापत्रक माहीत नसते. पाय डबीत नीट बसत नव्हता, पट्टी टेका देत नव्हती, आणि भार नको तिथे पडत होता. पण गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. दुसऱ्या बोटामागच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवले की ती किंचाळायची, आणि नुसते चालतानाही दुखायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हाडावर ताण आलेला आहे, चीर जाण्याच्या बेतात. सहा आठवडे नाच बंद. आणखी चार दिवस नाचली असती तर किती महिने, ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवले.

डॉक्टर मोठे गप्पिष्ट होते. म्हणाले, नर्तिकांचे सगळ्यात कठीण असते. इतरांना दुखले की कळते. ह्यांना रोजच दुखते, त्यामुळे ह्यांना वेगळे ऐकू यावे लागते. फोड चुरचुरतो, नख ठसठसते, स्नायू धरतो. हे सगळे हळूहळू येते आणि विश्रांतीने हळूहळू जाते. अचानक आलेली, एका जागची, सूज घेऊन आलेली कळ ही त्या जातीची नव्हे. ती आली की तिथल्या तिथे टाचा खाली, जोडा बाहेर. आणि वेदनाशामक गोळी घेऊन नाचायला उभे राहणे म्हणजे धुराची घंटा वाजते म्हणून घंटेची तार तोडणे. मी मनात म्हटले, बॅलेवर इतकी चांगली समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

पोर त्या कार्यक्रमाला माझ्या शेजारी बसून होती. तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. 'द रेड शूज'च्या शेवटी नायिका मेल्यावरही बॅले थांबत नाही. ती जिथे असायची तिथे नुसता प्रकाशाचा गोल फिरत राहतो. ह्या प्रसंगावर समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत, आणि तो आहेही अंगावर काटा आणणारा. पण ते दृश्य एखाद्या बदली मुलीने बिनबोभाट भरून काढले असते, तर तो चित्रपट अधिक भयंकर झाला नसता का? माझ्या शेजारी जी रडत होती ती रिकाम्या गोलासाठी नव्हे. गोल रिकामा नव्हता म्हणूनच ती रडत होती.

लंडनच्या फ्रीड ह्या १९२९ सालच्या पेढीत हे जोडे अजून हातांनी होतात. प्रत्येक कारागिराची खूण तळव्यावर ठोकलेली असते: कोणाचा मुकुट, कोणाची घंटा, कोणाचा मासा. नर्तिका वर्षानुवर्षे एकाच खुणेचा जोडा मागते. कारागिराचे तोंड तिने कधी पाहिलेले नसते, पण तिचा अंगठा कुठे वळतो हे त्याला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की तिच्या पोटात गोळा उठतो, आपला शिंपी गावी गेला की ऐन लग्नसराईत आपल्या पोटात उठतो तसा. त्या कार्यक्रमाची पत्रिका मी जपून आणली आहे. तिच्यात दिवे कोणाचे, केशभूषा कोणाची, मध्यंतरातला केक कोणत्या पालकांकडून, सगळे छापलेले आहे. जोडे कोणाचे ते मात्र कुठेच नाही.