विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात शोपाँ कोणता?

मुलुंडला एका पियानो क्लासचा वार्षिक कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. शाळेचा हॉल, डोक्यावर गरगरणारे पंखे, स्टेजवर एक डिजिटल पियानो. चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीनं शोपाँचं ‘फँटसी-इम्प्रॉम्टू’ वाजवलं. टाळ्या जोरात पडल्या. मला मात्र ते ऐकताना त्या मुलीची काळजीच वाटत होती. तिचं सगळं लक्ष पुढच्या अवघड जागेवर. आत्ता वाजतोय तो स्वर ऐकायला तिला फुरसतच नव्हती.

या रचनेत उजवा हात चारच्या हिशोबानं धावतो, डावा तीनच्या. चारावर तीन. तबल्याची लयकारी ज्यांनी केलीय त्यांना कळेल, हे दोन आठवड्यांत बसत नाही. शिवाय शोपाँनं ती हयातीत छापलीच नाही. तो 1849 मध्ये गेला आणि ती 1855 मध्ये बाहेर आली. आपण मात्र ती मुलांच्या गळ्यात घालतो, कारण वेगात वाजलं की पालकांना फी वसूल झाल्यासारखं वाटतं. (हशा)

बरं, मग सोपं म्हणून काय देतात? शुमानचं ‘ट्रॉयमराय’. तिथेही फसगत आहे. ते ज्या संचात आहे तो ‘किंडरझेनेन’ 1838 चा, मोठ्या माणसानं बालपणाकडे वळून पाहिलेला. मुलांनी वाजवावा असा संच शुमाननं दहा वर्षांनी, 1848 मध्ये, आपल्या मुलींसाठी वेगळा लिहिला. ‘ट्रॉयमराय’ कागदावर एका पानाचं दिसतं, पण त्यात आवाजाचे चार पदर एकाच वेळी सांभाळायचे असतात. लहान हात तिथे ताणला जातो.

आणि शोपाँचं ते प्रसिद्ध ई-फ्लॅट नॉक्टर्न? घाटकोपर-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये मूल बहुतेकदा 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर सराव करतं, पेडल असलं तर असलं. नॉक्टर्नमध्ये डावा हात खालचा स्वर देतो आणि लगेच वर उडी मारतो. तो खालचा स्वर धरून ठेवायला पेडलच लागतं. घरी पेडल नाही आणि कार्यक्रमात एकदम आलं, की सगळा चिखल.

माझं मत विचाराल तर ई-मायनरचा प्रिल्यूड, ओपस 28 मधला चौथा. फक्त पंचवीस बार. ई ला षड्ज माना, की उजवा हात सुरुवातीला पंचम आणि कोमल धैवत यांच्यातच घुटमळतो. ही अस्वस्थता आपल्या कानाला परकी नाही. खाली डाव्या हाताच्या कॉर्ड्स चालू राहतात, आणि त्यातला एखादा स्वर अर्ध्या स्वरानं खाली सरकतो. बोटं जेमतेम हलतात, पण सगळा रंग पालटतो. मुलाला हे सरकणं ऐकू आलं नाही, तर नुसता टाइपरायटर वाजतो. हा तुकडा त्याला झाकून घेत नाही. शोपाँचे शिष्य सांगत की डावा हात म्हणजे कंडक्टर. आपल्याकडे गायक ठुमरीत बोल लांबवतो तेव्हा तबलजी थोडाच ठेका सोडतो? तसंच.

‘एवढंसंच?’ असं आईबाबा म्हणतील. म्हणू देत. हाच प्रिल्यूड शोपाँच्या अंत्यविधीत पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ऑर्गनवर वाजवला गेला होता, एवढं त्यांना सांगा. परीक्षेच्या ग्रेडमध्ये बसतो की नाही, ते नंतर बघू.

एक व्यवहाराची गोष्ट. शेवटच्या तीन कॉर्ड्सआधी एक थांबा आहे. संपलं समजून हॉल तिथे हमखास टाळ्या वाजवतो. मुलाला आधीच सांगून ठेवा : त्या थांब्यावर हात मांडीवर आणायचे नाहीत, पट्ट्यांवरच ठेवायचे.